रॅम वाढवली तर नाटकाचं एडिटिंग पळेल का?

पत्र

दादा, नमस्कार. मी देसाईगंज तालुक्यातल्या एका गावातून लिहीत आहे. आमच्या घरचे मंडईतली (दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या जत्रेतली) नाटकं, शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि लग्नं शूट करतात, एडिटिंग मी करते. कम्प्युटर नागपूरला बर्डीतून जुना घेतलेला आहे. आय५ थर्ड जनरेशन, एच६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅमची एकच स्टिक, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. आधी जुन्या कॅमेऱ्याच्या फाइली हळूहळू का होईना चालत होत्या. दिवाळीपासून नवीन फोनवर शूट करतो, तेव्हापासून टाइमलाइन जागची हलत नाही. आवाज पुढे निघून जातो, चित्र मागे राहतं. एक्सपोर्ट अर्ध्यावर बंद पडतं. झाडीपट्टीचं (पूर्व विदर्भाचं) नाटक म्हणजे एकेक रेकॉर्डिंग सहा तासांचं. दुकानदार म्हणतो, ३२ जीबी रॅम टाका, सोबत ग्राफिक्स कार्ड घ्या, नाहीतर मशीनच बदला. माझ्याजवळ बचत गटातून उचललेले सात हजार आहेत. रॅमनं काम होईल का? आणि जुनी स्टिक दुकानदार परत मागतो, ती द्यावी का?

उत्तर

ताई, पैसे बचत गटाचे आहेत म्हणजे त्याचा हप्ताही आहे. म्हणून निकाल आधी सांगतो, कारणं मागून. ३२ जीबी तुमच्या बोर्डावर चालणारच नाही. १६ चालते, तेवढी घ्या. ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. पैसे उरले तर एसएसडी (न फिरणारी, चपळ डिस्क) घ्या. आणि तुमचा अर्धा त्रास रॅमचा नाहीच. तो कधी सुरू झाला हे तुम्हीच लिहिलंय: फोन नवीन आला तेव्हा. त्या अर्ध्याचा इलाज फोनच्या सेटिंगमध्ये आहे आणि त्याला एक रुपया लागत नाही.

दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. आय५ थर्ड जनरेशनचा प्रोसेसर ३२ जीबीपर्यंत मेमरी घेऊ शकतो, इंटेलच्या कागदावर तसंच लिहिलंय. पण एच६१ चिपसेटच्या बोर्डाला दोनच खाचा असतात आणि एका खाचेत जास्तीत जास्त ८ जीबी, म्हणजे एकूण १६. त्यानं प्रोसेसर पाहिला, बोर्ड पाहिला नाही. डीडीआर३ची १६ जीबीची एकच स्टिक ऑनलाइन कुठे दिसली तरी तिच्या नादी लागू नका, या पिढीचा इंटेल प्रोसेसर ती ओळखत नाही.

आता १६ तरी कशाला, ८मध्ये भागणार नाही का, हे समजायला थोडा हिशोब करावा लागेल. फुल एचडी चित्राची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, साधारण २० लाख ७३ हजार. एका ठिपक्याला रंगाचे ४ बाइट धरले तर एक फ्रेम सुमारे ८३ लाख बाइट, म्हणजे ८ एमबी. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका सेकंदाला २०० एमबी. फाइल डिस्कवर कितीही लहान दिसो, पडद्यावर दाखवायची म्हटलं की ती अशी उलगडावी लागते. पाच सेकंदांचं उलगडलेलं चित्र धरून ठेवलं की १ जीबी गेली. फोन ४केवर ठेवला असेल तर हेच चौपट. तुमच्या ४ जीबीतला बराचसा भाग विंडोज आणि अँटिव्हायरस आधीच खाऊन बसतात. शिवाय तुमच्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही याच रॅममधून आपला वाटा उचलतं. तुमच्या एडिटिंगसाठी उरतं ते हातावर मावेल एवढं.

मग विंडोज काय करतं? मेमरीत मावलं नाही ते हार्ड डिस्कवर लिहून ठेवतं आणि लागलं की परत उचलतं. खळं लहान आणि धान जास्त असलं की अर्धे भारे बांधावर ठेवून एकेक आणावे लागतात, मळणीपेक्षा येण्याजाण्यातच दिवस जातो, तसं. फरक एवढाच की हार्ड डिस्कचा बांध फार लांब आहे. रॅममधून उचलायला लागतो त्याच्या हजारो पट वेळ फिरत्या डिस्कवरून उचलायला लागतो. कम्प्युटर बंद पडल्यासारखा वाटतो आणि पुढचा लाल दिवा नुसता पेटलेला राहतो, तो याच धावपळीचा.

पण माझ्या म्हणण्यावर पैसे खर्च करू नका, आधी स्वतः पाहा. तुमचं नेहमीचं काम उघडा, टाइमलाइन चालू करा आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जाऊन मेमरी, डिस्क आणि सीपीयू हे तीन आलेख दोन-तीन मिनिटं बघत बसा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली, पण सीपीयू रिकामा, असं दिसलं तर रॅम कमी पडतेय. मेमरी साठ-सत्तरवर आणि सीपीयू मात्र शंभरवर, असं दिसलं तर रॅम कितीही ओता, फरक पडणार नाही. तिथे फाइलचा प्रकार जड आहे. मला वाटतं तुम्हाला दोन्ही दिसेल, जुन्या कॅमेऱ्याच्या फाइलीला पहिलं आणि फोनच्या फाइलीला दुसरं. दोन्ही फाइली वेगवेगळ्या चालवून बघा.

त्याच मेमरीच्या पानावर खाली ‘कमिटेड’ असा एक आकडा असतो, तिरप्या रेषेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. अलीकडचा आकडा म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांनी मिळून किती मेमरी मागितली आहे. मी रॅम किती घ्यायची ते यावरून ठरवतो, दुकानदाराच्या अंदाजावरून नाही. काम ऐन रंगात असताना तो आकडा ९-१० जीबीच्या आत राहत असेल तर तुमची जुनी ४ ठेवून शेजारी ८ची एक स्टिक घातली तरी १२ जीबीत काम भागेल आणि पैसे वाचतील. ११-१२च्या पुढे जात असेल तर ८च्या दोन. ‘स्लॉट्स यूज्ड’, म्हणजे बोर्डावरच्या किती खाचा भरल्या, हेही तिथेच लिहिलेलं असतं. दोनपैकी एक, असं दिसायला हवं.

खरेदीच्या आधी आणखी एक गोष्ट बघा, कारण जुन्या असेंबल्ड मशीनमध्ये ही गोम फार वेळा निघते. ‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि ‘सिस्टिम टाइप’ची ओळ वाचा. तिथे ३२-बिट विंडोज लिहिलं असेल तर १६ जीबी टाकूनही विंडोज ४च्या आतच वापरणार. ४ जीबीचं मशीन विकताना बरेच जण ३२-बिट विंडोज टाकून देतात, हलकं चालतं म्हणून. तसं असेल तर आधी डेटा दुसरीकडे काढून ६४-बिट विंडोज नव्यानं टाकावं लागेल. तुमचा प्रोसेसर ६४-बिटचाच आहे, त्याची काळजी नाही. ‘४ जीबी, त्यातली ३.४ वापरण्याजोगी’ असं काही लिहिलेलं दिसलं तर तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. ग्राफिक्सचा वाटा वजा झाल्यामुळे ६४-बिटमध्येही तसं दिसतं. सिस्टिम टाइपचीच ओळ खरी.

आता दुकानात. डेस्कटॉपची डीडीआर३ मागा. ही पट्टी लांबीला सव्वापाच इंच असते, लॅपटॉपची तिच्या निम्मी. हातात दिली की लगेच कळतं. डीडीआर४ दिसायला सारखीच, पण तिच्या खालच्या कडेची खाच वेगळ्या जागी असते आणि ती तुमच्या बोर्डात बसत नाही. कुणी ‘दाबून बसवतो’ म्हणालं तर कॅबिनेट उचलून घरी या. स्टिकरवर पीसी३-१२८०० किंवा १६०० लिहिलेलं असावं. १३३३ची, म्हणजे पीसी३-१०६००ची मिळाली तरी चालेल. दोन वेगवेगळ्या वेगाच्या घातल्या तर दोघी हळू असलेलीच्या वेगानं चालतात, बिघडत काही नाही. पीसी३एल लिहिलेली असेल तर तीही घ्या, ती कमी व्होल्टेजची असते पण डीडीआर३च्या १.५ व्होल्टवरही चालते.

दोन प्रकारांपासून मात्र दूर राहा, आणि नेमके हेच दोन प्रकार ऑनलाइन सगळ्यात स्वस्त दिसतात. एक म्हणजे सर्व्हरची मेमरी. तिच्यावर ईसीसी, रजिस्टर्ड किंवा आकड्याच्या शेवटी आर हे अक्षर असतं. खाच जुळते, बसतेही, पण मशीन चालू होत नाही. दुसरी म्हणजे ‘फक्त एएमडीसाठी’ असं बारीक अक्षरात लिहिलेली ८ जीबीची स्टिक. तिच्या चिपांची मांडणी इंटेलला पटत नाही. पंधरवडाभर वाट पाहून कुरिअर यायचं, आणि मशीननं नुसता काळा पडदा दाखवायचा. वडशात (देसाईगंजात) किंवा ब्रह्मपुरीत दोन रुपये जास्त गेले तरी चालतील, समोर लावून दाखवणाऱ्याकडूनच घ्या.

दोन स्टिक घेणार असाल तर एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या घ्या. दोन खाचांत सारख्या दोन असल्या की प्रोसेसर दोघींशी एकाच वेळी बोलतो. १६०० वेगाच्या एका स्टिकवरून सेकंदाला १२.८ जीबी जातात, दोन असल्या तर २५.६. ज्या मशीनचं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, तिथे हा फरक जाणवतो. १६च हवी म्हणून मी सांगतो त्याचं अर्धं कारण हे जोडीचं आहे.

जुनी, वापरलेली रॅम घ्यायला हरकत नाही. रॅममध्ये फिरणारा भाग नसतो, ती बहुतेक वेळा आयुष्यभर टिकते किंवा पहिल्याच आठवड्यात रंग दाखवते. म्हणून बिलावर निदान आठ दिवसांत बदलून देण्याचं लिहून घ्या. भावाचं मी मुद्दाम काही लिहीत नाही. २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की बाजारातले आकडे सारखे हलत आहेत. दोन दुकानांत विचारा, आणि रॅमचा आणि एसएसडीचा भाव वेगवेगळा विचारा. ‘दोन्ही मिळून एवढे’ या बोलीत नेमकं काय महाग लावलं ते कळत नाही.

कॅबिनेट दुकानात न्यायचं असेल तर गाडीच्या मागच्या कॅरिअरला बांधू नका. आपल्या रस्त्यांवर हार्ड डिस्कचं काय होतं ते सांगायला नको. गोधडीत गुंडाळून मांडीवर घ्या. आणि घरीच बसवायचं असेल तर तेही अवघड नाही. वायर भिंतीतून काढा, फक्त बटण बंद करून भागत नाही. मग पुढचं चालू करायचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. नायलॉनची साडी नेसून हे काम करू नका, हिवाळ्यात कोरड्या हवेत तिच्यातली चटचट चिपला मारते. सुती कपडे घाला आणि स्टिक हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या पत्र्याला हात लावा. बोर्डावरच्या खाचेच्या टोकाची क्लिप बाहेरच्या बाजूला उघडा, पट्टीची खाच जुळवा आणि दोन्ही टोकांना अंगठ्यांनी सारखा दाब द्या. क्लिप आपोआप टक्‌ करून बंद झाली पाहिजे. जुन्या स्टिकचे सोनेरी दात काळपट दिसले तर शाळेतल्या पोरांच्या खोडरबरनं हलकेच पुसा, रबराचा चुरा झटका, पाणी किंवा थिनर लावू नका.

चालू केल्यावर लांब बीप-बीप वाजत राहिला आणि पडद्यावर काही आलं नाही तर घाबरू नका, बहुतेक वेळा पट्टी नीट बसलेली नसते. काढून पुन्हा बसवा. तरीही नाही तर एकेक स्टिक लावून बघा, दोषी कोण ते कळतं. सुरू झालं की स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून एकदा पूर्ण तपासणी लावा. आठ दिवसांची मुदत आहे तोवरच हे करायचं. मेमरीचा बारीक दोष लगेच दिसत नाही, लग्नाचं एक्सपोर्ट ८० टक्क्यांवर आलं की दिसतो.

कॅबिनेट उघडलंच आहे तर ब्रशनं आतली धूळ काढून टाका. धानाच्या मळणीच्या दिवसांत तो बारीक भुसा प्रोसेसरच्या पंख्याखाली थर धरून बसतो. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग आपणच कमी करतो. ब्रह्मपुरीचा मे महिना तुम्हाला मी काय सांगू! पंखा कधीच उघडला नसेल तर प्रोसेसर आणि पंख्याच्या मधली थर्मल पेस्टही वाळून खडू झाली असेल. ती बदलून घ्या, किरकोळ खर्चाचं काम आहे.

इथवर रॅमचं झालं. आता त्या फोनकडे येऊ, आणि माझ्या मते पत्रातला खरा मुद्दा हा आहे.

अलीकडचे बरेच फोन व्हिडिओ एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ या प्रकारात साठवतात. जागा कमी लागते म्हणून. पण तो उलगडायला प्रोसेसरला फार कष्ट पडतात. त्यासाठीची खास यंत्रणा इंटेलनं सहाव्या पिढीपासून प्रोसेसरमध्ये नीट बसवली. तुमचा तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा. त्याला हे सगळं काम अंगमेहनतीनं करावं लागतं, आणि एडिटिंगच्या टाइमलाइनवर, खास करून ४के असेल तर, तो मागे पडतो. जुन्या कॅमेऱ्याच्या फाइली एच.२६४च्या असणार, म्हणून त्या चालत होत्या. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओचा प्रकार शोधा, एचईव्हीसी किंवा ‘हाय एफिशिअन्सी’ बंद करा. आयफोन असेल तर ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. रिझोल्यूशन १०८०, फ्रेम ३०. ४के बंद. मंडईच्या मांडवातल्या उजेडात ४केचा काही फायदा दिसत नाही, आणि लोक शेवटी बघतात ते मोबाइलवरच.

आवाज पुढे आणि चित्र मागे, याचं कारण आणखी वेगळं आहे. कॅमेरा सेकंदाला ठरलेल्याच फ्रेम घेतो. फोन तसं करत नाही. अंधार झाला, फोन तापला की तो फ्रेम कमी-जास्त करतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर धरून चालतं की फ्रेम सारख्या अंतरानं आल्यात, आणि मग सहा तासांच्या नाटकात शेवटच्या अंकाला खलनायकाचं हसू त्याच्या तोंडाआधी ऐकू येतं. यावर रॅमचा काही उपाय नाही. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाकून व्हिडिओच्या पानावर एच.२६४ आणि फ्रेम रेट ३०, खाली ‘कॉन्स्टंट’ निवडा. जी फाइल निघेल ती एडिटिंगला घ्या. जुन्या प्रोसेसरवर हे हळू होतं, रात्री लावून ठेवायचं काम आहे. लहान क्लिपवर एकदा करून बघा, ओठ आणि आवाज जुळले की तुमची खात्री पटेल.

सहा तासांचं रेकॉर्डिंग एकाच फाइलमध्ये ठेवू नका हेही सांगतो. पडदा पडला की रेकॉर्डिंग थांबवा, उठला की पुन्हा सुरू करा. एकेका अंकाचा वेगळा प्रोजेक्ट करा, वेगळा एक्सपोर्ट करा. टाइमलाइन जितकी लांब तितकी छोटी चित्रं आणि आवाजाच्या लहरी सॉफ्टवेअर मेमरीत धरून बसतं, आणि दीड तासाचं एक्सपोर्ट लाइट गेल्यामुळे वाया जाणं हे सहा तासांचं वाया जाण्यापेक्षा परवडतं. सगळे अंक एकाच सेटिंगनं काढले तर लॉसलेसकट या फुकट सॉफ्टवेअरनं ते पुन्हा एक्सपोर्ट न करता जोडता येतात, काही मिनिटांचं काम. यूट्यूबवर टाकत असाल तर नाटक मंडळाची परवानगी लेखी घेऊन ठेवा. नाटक त्यांचं, चित्रण तुमचं.

सॉफ्टवेअर कोणतं ते तुम्ही लिहिलं नाही. मशीनसोबत कुणी क्रॅक केलेला प्रीमिअर टाकून दिला असेल तर तो काढून टाका. नैतिकतेचं प्रवचन देत नाही, पण अशा फाइलींसोबत गुपचूप चालणारं काहीबाही येतं आणि तेच तुमची मेमरी आणि प्रोसेसर खात बसतं. आणि नवा प्रीमिअर तर सहाव्या पिढीच्या खालच्या इंटेल प्रोसेसरला अधिकृतपणे घेतच नाही. डाविंची रिझॉल्व्ह फुकट मिळतो आणि सुंदर आहे, पण त्याला वेगळं आणि बरं ग्राफिक्स कार्ड लागतं. तुमच्यासाठी केडेनलाइव्ह. त्यात प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये ‘प्रॉक्सी’ चालू करा. मग तो प्रत्येक क्लिपची एक लहान, हलकी प्रत बनवतो, तुम्ही कापाकापी त्या प्रतीवर करता आणि एक्सपोर्टच्या वेळी तो आपोआप मूळ फाइल घेतो. प्रत बनायला वेळ जातो, तेवढ्यात स्वयंपाक होतो. नंतर टाइमलाइन जी पळते ती पाहून तुम्हाला वाटेल मशीन बदललं. माझं तर म्हणणं आहे, रॅम आणण्याच्या आधीच, आहे त्या ४ जीबीवर हे एकदा करून बघा.

एक्सपोर्टबद्दल आशा जास्त ठेवू नका. १६ जीबी टाकल्यावर ते अर्ध्यात बंद पडणं थांबेल, पण तीन तास लागत होते तिथे तीस मिनिटं लागतील असं होणार नाही. ते काम प्रोसेसरचं आहे आणि प्रोसेसर तोच आहे.

ग्राफिक्स कार्डाचं थोडक्यात. सात हजारांत तुम्हाला जीटी ७१०सारखं काहीतरी दाखवतील. त्याला एचईव्हीसी उलगडता येत नाही, तुमचा मूळ त्रास तसाच राहील. त्याहून मोठं कार्ड घेतलं तर जुन्या कॅबिनेटमधला स्वस्त एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) ते पेलेल याची हमी नाही.

एसएसडी मात्र घ्या. २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी. एच६१वर साटाचा जुनाच वेग मिळतो, डब्यावर लिहिलेले सेकंदाला ५०० एमबी दिसणार नाहीत, साधारण निम्मे मिळतील. तरी फिरत्या डिस्कपेक्षा ती कितीतरी चपळ, कारण तिला शोधायला फिरावं लागत नाही. विंडोज, सॉफ्टवेअर आणि हातातलं एक काम एसएसडीवर, बाकी सगळं जुन्या ५०० जीबीवर. फोनचं एच.२६४ फुल एचडी साधारण सेकंदाला १७ मेगाबिटनं (८ बिट म्हणजे १ बाइट) धरलं तर तासाला साडेसात जीबी, म्हणजे एक पूर्ण नाटक ४६ जीबीच्या आसपास. प्रॉक्सी धरूनही मावतं, फक्त काम झालं की हलवत जा. दोन्हीला पैसे पुरले नाहीत तर ८ची एक स्टिक आधी, एसएसडी पुढच्या सीझनला.

विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. वाढीव सुरक्षेसाठी नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत दुरुस्त्या मिळतात. विंडोज ११ तुमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही. एडिटिंगच्या मशीनवर बँकेची आणि मोबाइल रिचार्जची कामं करू नका, ती फोनवरच ठेवा.

पत्रात नाही, तरी विचारतो. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात का? खेड्यातल्या बऱ्याच घरांत तिसऱ्या पिनेला अर्थिंगच नसते, आणि एसएमपीएसमधली थोडी वीज पत्र्यावर येऊन थांबते. येत असतील तर नवी रॅम बसवण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या. घरात लहान मूल असेल तर उद्याच. आणि यूपीएसची बॅटरी दोन वर्षांहून जुनी असेल तर एक्सपोर्ट लावून झोपायचं धाडस करू नका.

जुनी स्टिक परत द्यायची नाही. दुकानदार तिचे जे शे-दोनशे कापून देईल त्याहून ती घरात असण्याची किंमत जास्त आहे. आधी सांगितलेल्या हिशोबानं ४ आणि ८ अशा दोन्ही लावल्या तर तिची गरजच आहे. ८च्या दोन लावल्या तर तिला ज्या पाकिटात नवी आली त्याच पाकिटात घालून, उंदरांच्या तावडीत सापडणार नाही अशा डब्यात ठेवा. उद्या मशीन सुरू झालं नाही तर ती एकटी लावून बघायची. सुरू झालं तर दोष नव्या रॅमचा, नाही झालं तर दुसरीकडे शोधायचं, हे पाच मिनिटांत कळेल आणि वडशाची एक चक्कर वाचेल.